लिंबांवरची गारगोटी

बरणी रिकामी केली तेव्हा तळाशी चार लिंबं उरली होती आणि त्यांच्यावर ती गारगोटी. आठ वर्षं खारात राहून तिला चहाचा रंग चढलाय. आणली तेव्हा राखाडी होती, मधोमध एक पांढरी रेघ. आता ती रेघ तेवढी ओळखू येते. मिठात घातलेली लिंबं खाराच्या वर आली की बुरशी धरतात, म्हणून वर काहीतरी जड ठेवावं लागतं. माझी आई वाटी पालथी घालायची. मी हा दगड घालत आले. कुणी विचारलं, तर "समुद्रावरचा आहे" एवढंच सांगायचे, आणि दोहाला समुद्र आहेच, त्यामुळे पुढे कुणी विचारायचं नाही. समुद्र इंग्लंडमधला होता. ज्या गावाला तो लागून होता त्याचं नाव मला चांगलं आठवतं, पण ते मी या घरात कधी उच्चारलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

घर आवरायला काढलंय. अल दुहैलमधली ही अर्धी व्हिला, म्हणजे मालकाने प्लायवूडची भिंत घालून एकाची दोन केलेली. पलीकडच्या घरात कुणी शिंकलं की आमच्याकडे ऐकू येतं. वर्ल्ड कप आता तोंडावर आलाय. विमानतळापासून इथपर्यंत खांबाखांबावर झेंडे आहेत, आणि मिलिंदचं, माझ्या नवऱ्याचं, काम संपलंय. ज्यांनी मांडव घातला त्यांनी वऱ्हाड यायच्या आत निघायचं, तसं आम्ही निघालोय. मदतीला म्हणून ओवी आलीय, आमची लेक. बारावी झाली, पुढच्या प्रवेशाचंही झालं, म्हणून नाशिकहून आली. ती हॉलमध्ये जमिनीवर बसून काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळतेय, आणि गुंडाळण्याआधी प्रत्येक वर्तमानपत्र वाचतेय. या वेगाने आम्ही पुढच्या वर्ल्ड कपला निघू.

बांधकामाच्या त्या वर्षांतलं दोहा आठवायला लागलं की आधी वास येतो तो ओल्या सिमेंटचा. मिलिंदच्या पिवळ्या जाकिटाला तो असायचा, तीनदा धुतलं तरी. मग आवाज. नर्सरीत मी मुलांना गाणी शिकवायचे तेव्हा मागच्या प्लॉटवर पायलिंगचं यंत्र ठोके द्यायचं, आणि मुलं न सांगता त्या ठोक्यांवर टाळ्या वाजवायची. रस्ते रोज बदलायचे. सकाळी ज्या राउंडअबाउटला वळसा घातला तो संध्याकाळी उखडलेला असायचा, पण माणसं पत्ता सांगताना पुढे कितीतरी वर्षं त्या उखडलेल्या राउंडअबाउटचंच नाव सांगायची. मिलिंदचा दिवस साइट, ऑफिस आणि कामगारांची वस्ती असलेलं बिरकत अल अवामेर यांच्यात फिरण्यात जायचा. घरी आला की दारातच बूट झटकायचा आणि तेवढी धूळही मला चालायची नाही.

धुळीचा राग होता त्याला कारण होतं. ओवी लहानपणी तीन वर्षं आमच्यापाशी राहिली, त्यातला निम्मा काळ नेब्युलायझरच्या घरघरीत गेला. वारं सुटलं की मी खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबायचे. तरी सकाळी टीपॉयवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर असायचा आणि तिच्या छातीतून शिटी वाजायची. शेवटी दुसरीला तिला नाशिकला ठेवलं, माझ्या दिराकडे. जाऊ वृषाली जिवाला जीव देणारी, त्यामुळे काळजी नव्हती. नव्हती म्हणजे तशी नव्हती. तिला सोडून परत येताना विमानात मिलिंद म्हणाला होता, "पाचवीच्या पहिल्या दिवशी तिला शाळेत सोडायला आपण असू. तोवर काढू कसंतरी." हे वाक्य मी जपून ठेवलं. महिन्यातून एकदा त्याला ते म्हणून दाखवायचे आणि तो मान हलवायचा.

ती चौथीत होती त्या वर्षी दसरा आणि ईद लागोपाठ आले. महिनाभर आधी ओवीचा फोन. "आई, या वेळी बिल्डिंगचा भोंडला आपल्याकडे आहे. तू ये. आणि येताना अशी खिरापत आण की डबा कितीही वाजवला तरी कुणालाच ओळखता येणार नाही." मी म्हटलं, आणते. खजूर नको, असंही तिने बजावलं, कारण खजूर सगळ्या ओळखतात.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मिलिंदने टेबलावर लंडनची तिकिटं ठेवली. कंपनीने दिलीत म्हणाला, ईदच्या सुट्टीत वापरायची, नाहीतर वाया जातील. व्हिसासाठी बोटांचे ठसे आम्ही आधीच देऊन ठेवले होते, कधीतरी जाऊ म्हणून. तिथून गाडीने दीड तासावर समुद्रकाठचं एक गाव त्याने शोधून ठेवलं होतं. तीन रात्री, आपण दोघंच. इथे मी खोटं बोलणार नाही: मला जायचं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि दोघंच असे कुठे गेलो ते एकदा माथेरानला, तेही माकडांनी पिशवी पळवल्यामुळे लक्षात राहिलेलं. मी एकदाच म्हटलं, "ओवीचा भोंडला आहे रे." तो म्हणाला, "दिवाळीला जातोच आहोत की." मी त्याला दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

तेव्हा देश सोडायचा तर कंपनीकडून एक्झिट परमिट घ्यावं लागे. सुट्टी मंजूर असली, तिकीट हातात असलं, तरी तो कागद नसेल तर विमानतळावरून माणूस परत. गल्फमधल्या मुलांना हा शब्द पाढ्यांच्या आधी येतो. कुणाच्या लग्नाला जायचं नसलं, बारशाला जायचं नसलं, की आम्ही सगळेच परमिटवर ढकलायचो, आणि गावाकडे कुणाची शंका घ्यायची टाप नसायची. निघायच्या आदल्या दुपारी मी ओवीला फोन केला. बॅगा भरून दाराशी होत्या. मिलिंदचं परमिट माझ्या पर्समध्ये, घडी घालून.

"बाबांना एक्झिट परमिट नाही मिळालं गं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मग तू एकटी ये."

"मला शाळेतून रजा नाही."

"ईदला तर सुट्टी असते ना?"

"असते, पण या वेळी काम आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि वृषालीकाकूला फोन दिला. नाशिकला कळता कामा नये, एवढं मी आणि मिलिंदने ठरवलं होतं. फोटो कुठे टाकायचे नाहीत, कुणाला सांगायचं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न.

ते चार दिवस सुंदर होते. हे म्हणायला आजही जीभ जड होते, पण होते. घरमालकीण म्हातारी होती, तिने आमच्या खोलीला निळ्या फुलांचा कागद लावला होता आणि गादीवर, पडद्यावर, टिशूच्या डब्यावरही तीच फुलं. सकाळी खालून अंडी तळल्याचा आणि जळक्या पावाचा वास यायचा. छतावर सीगल भांडायचे. किनाऱ्याला वाळू नव्हतीच, सगळे गोटे. लाट परत जाताना ते एकमेकांवर घसरायचे आणि कढईत शेंगदाणे परतल्यासारखा आवाज व्हायचा. दोहाचा समुद्र कॉर्निशच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्याच्या, कठड्याशी गुमान उभा असतो, हा मात्र दुपारी इतका लांब निघून जायचा की तो परत येईल की नाही याची मलाच काळजी.

हंगाम सरला होता. दुकानं अर्धी बंद, बाकं ओली. म्हातारी जोडपी गाडीतून यायची, समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची आणि काचा बंद ठेवून थर्मासमधला चहा प्यायची. उतरायचीच नाहीत. आम्हाला त्याचं केवढं हसू यायचं. मिलिंद म्हणाला, "आपणही म्हातारपणी गंगापूर धरणावर असंच करू." आम्ही कागदातले बटाट्याचे गरम काप खाल्ले, वर सिरका शिंपडलेला, आणि एका सीगलने मिलिंदच्या हातातून सर्वांत मोठा काप उचलून नेला. वारा इतका होता की बोललेलं मागे जायचं. माझ्या कोटाची चेन मिलिंदने स्वतः गळ्यापर्यंत लावली. बारा वर्षांत हे त्याने कधी केलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण नवरा कोटाची चेन लावतोय तर कोणती बाई शंका घेते.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका बाकावर बसलो आणि मी जूनचं सगळं बोलून घेतलं. सिडकोत भाड्याने घर की गंगापूर रोडला. ओवीची खोली कुठल्या दिशेला. पाचवीची शाळा तीच ठेवायची की बदलायची. तो गोटे निवडत होता. ही गारगोटी त्याने उचलली, रुमालाने पुसली, माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, "मग जूनला नाशिक. नक्की ना?"

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

दोहात राहणाऱ्या बाईला या शब्दाचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. एसीवाला उद्या येतो म्हणतो आणि वर इन्शाल्ला लावतो, तेव्हा आपण पंखा शोधायला लागतो. पण त्या वाऱ्यात, हातात बटाट्याच्या कापांचा गरम कागद धरून, मी तो अगदी नवसासारखा ऐकला.

परतताना एका दुकानात काचेच्या बरण्यांत साखरेच्या कांड्या होत्या. बाहेरून गुलाबी, आतून पांढऱ्या, करंगळीहून जाड, दाताला दगडासारख्या. टोकाला लाल ठिपक्यांची बारीक नक्षी. मला ओवीची खिरापत आठवली. भोंडला तर हुकला, पण कोजागिरीला पोरी पुन्हा जमतात, तोवर पोचेल. मी एक लांब कांडी घेतली. वरच्या पारदर्शक कागदावर गावाचं आणि समुद्राचं चित्र होतं. दोहाला आल्यावर तो कागद मी सोलून काढला, कांडी इथल्या मिठाईच्या चांदीकागदात गुंडाळली आणि नाशिकला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवली. चिठ्ठीत लिहिलं: "ही घे. दोहाची खिरापत. बघू कोण ओळखतं." आपण फार हुशारी केली असं मला वाटलं होतं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी कंपाउंडमधल्या एकीकडे हळदीकुंकू होतं. मिलिंदच्याच कंपनीतल्या एका इंजिनिअरची बायको, सुलभाताई, पुण्याच्या, तोंडाने भारी मोकळ्या. तिळगूळ माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "काय गं, तुम्ही कुठे गेलात शेवटी रिन्यूअलच्या तिकिटांवर? आम्ही जॉर्जिया केलं."

"कसली रिन्यूअलची तिकिटं?" मी विचारलं.

"अगं, टूर्नामेंटचं काम संपेपर्यंत थांबतो म्हणून ज्यांनी सही केली, त्यांना नाही का दिली. जुलैमध्येच. तुझ्या मिलिंदने तर सगळ्यांत आधी केली, आमचे म्हणत होते."

जुलै. म्हणजे ठसे द्यायच्या आधी, कोटाच्या आधी, बाकाच्या आधी. तिळाची वडी मी तोंडात टाकली आणि ती विरघळेपर्यंत तिथेच उभी राहिले. कुणीतरी अत्तर लावलं, कुणीतरी वाण म्हणून प्लास्टिकचा डबा दिला. घरी आले तेव्हा मिलिंद कागदी कपातला कडक चहा घेऊन माझी वाट बघत होता, दोन कप, शुक्रवारची आमची पद्धत.

"पाचवीचं काय?" एवढंच मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. नाकबूल करण्याच्या भानगडीत तो पडला नाही, एवढं त्याला द्यायला हवं. "तिथे सांगणारच होतो," तो म्हणाला. "त्या बाकावरच सांगणार होतो. तू इतकी खुशीत होतीस. तोंड उघडवेना." मग चहाकडे बघत म्हणाला, "जातील गं वर्षं. बघता बघता जातील."

माझा विश्वासघात झाला होता. दुसरा शब्द मला तेव्हा सापडला नाही आणि आजही सापडत नाही. ज्या चार दिवसांना मी आयुष्यातले चांगले दिवस म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं, ते मला गप्प बसवायचे दिवस होते. माझ्या लेकीची वर्षं देऊन त्याने मला समुद्र दाखवला होता. तो दगड मी कचऱ्यात टाकायला निघाले होते. मग लिंबांची बरणी समोर दिसली, आणि तिच्यात टाकला.

पुढची वर्षं खरंच गेली. पाचवीच्या पहिल्या दिवशी वृषाली गेली. दमा आपोआप बरा झाला, नाशिकच्या हवेत. पहिल्यांदा पाळी आली ती वृषालीच्या घरात, मला दोन दिवसांनी फोनवर कळलं. दहावीच्या पेपरांना दही-साखर वृषालीने दिलं. यातलं प्रत्येक मी मिलिंदच्या ताटात वाढलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी त्याला पाचवी ऐकवायचे. तो ऐकून घ्यायचा. मधे एक्झिट परमिटचा नियमही गेला, पण आमच्या घरात तो शब्द तसाच राहिला, कुणी काही टाळलं की मी म्हणायचे, "का, परमिट नाही मिळालं?" मी स्वतः बॅग उचलून नाशिकला का गेले नाही, हे मला कुणी विचारलं नाही. मिलिंदने फसवलं, हे उत्तर तयार असल्यामुळे मीही स्वतःला विचारायच्या फंदात पडले नाही.

आणि आज ओवी भांडी सोडून स्वयंपाकघरात आली. ओट्यावर गारगोटी निथळत होती. तिने उचलली, नळाखाली धरली, वास घेतला, नाक मुरडलं. मग त्या पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवत तिने सहज विचारलं, "ही तिथलीच ना?" आणि त्या गावाचं नाव घेतलं.

या घरात ते नाव पहिल्यांदा ऐकलं. माझ्या हातात बरणी होती, ती मी खाली ठेवली.

"बाबांनी सांगितलं?" मी विचारलं.

"छे. बाबा कशाला सांगतायत. तू पाठवलेल्या कांडीवर होतं ना."

"तिचा कागद तर मी काढला होता."

"कागदावर नाही गं. आत." ती हसली, पण माझ्याकडे न बघता. "लाल अक्षरं असतात त्यात. आरपार जातात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू बघितलं नाहीस? काकूने कोजागिरीला ती बत्त्याने फोडली. आम्ही दहाजणी होतो. दहाही तुकड्यांवर तेच नाव. मी माझा तुकडा चोखून बघितला, जातंय का म्हणून. संपेपर्यंत गेलं नाही."

मला ती नक्षी आठवली, लाल ठिपक्यांची. चष्मा लावायचा तेव्हा मला आळस होता.

"मग?"

"मग काय. टोकावरची अक्षरं मी आधीच वाचली होती. शाळेत नकाशाचं पुस्तक होतं, त्यात कोजागिरीच्या आधीच शोधलं."

बाहेर मिलिंद खोक्यांना चिकटपट्टी लावत होता, तिचा चर्र आवाज येत राहिला. आठ वर्षं. आठ वर्षं ही पोर दर रविवारी फोनवर माझ्याशी बोलली. "परमिट मिळालं का गं?" म्हणून, तो नियम होता तोवर, दर सुट्टीला तिने विचारलं, आणि मी दिलेलं उत्तर ऐकून "बरं" म्हणाली. माझ्या पर्समधला कागद तिला दिसला नव्हता, पण तिला सगळं माहीत होतं. आणि मी इथे ओट्यापाशी उभी राहून, फसवल्या गेलेल्या बाईचं तोंड करून, लिंबांना मीठ लावत होते.

"मला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"काय विचारायचं होतं?" तिने दगड पुसून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला. गुंडाळायचा की नाही, हे तिने मला विचारलं नाही, माझ्यावर सोडलं.

मी विचारलं, "त्या दिवशी खिरापत ओळखली का कुणी?"

"कुणीच नाही. सगळ्या हरल्या," ती म्हणाली. "काकूने मात्र तुकडा उजेडात धरून विचारलं, हे काय लिहिलंय गं. मी म्हटलं, गाव आहे ते. कतारमध्येच आहे, समुद्रावर. आईच्या घराजवळ."